बुटात न मावलेली जोडवी

मोटारसायकल हाताने चालवतात असं ज्याला वाटतं, त्याने ती लांबूनच पाहिलेली असते. हात नुसते शोभेला. गिअर पायात, मागचा ब्रेक पायात, किक पायात. थांबलं की सगळा भार पायावर, आणि आडवी झालीच तर ती पहिली बसते तीही पायावर. हे मला कोणी सांगितलं नाही. माझ्या डाव्या पायाने शिकवलं, आणि तो मास्तर छडी फार वापरायचा.

गाडी नवऱ्याची, आणि नवरा मस्कतला. घरी मी आणि सासूबाई. त्यांना मी आई म्हणायचे. सासरे मी पाहिलेच नव्हते. नवरा लहान असतानाच ते गेले. मिठागरात राबून आईंनी मुलगा मोठा केला आणि त्याला समुद्रापलीकडे पाठवला. आता तो तिकडे, आणि त्याची गाडी इकडे पडवीत गोधडी पांघरून. आई रोज सकाळी गोधडी बाजूला करून तिला पुसायच्या आणि परत पांघरूण घालायच्या. मला ताप आला होता तेव्हा माझी एवढी विचारपूस झाली नव्हती.

मग मला रोह्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी लागली. आमचं गाव पेणच्या बाहेर, खाडीच्या अंगाला. मागे मिठागरं, पुढे भातशेती, आणि फाट्यावर एसटी थांबायची ती फक्त ड्रायव्हरला तंबाखू मळायची असेल तर. पहिल्याच महिन्यात मी इतक्या वेळा उशिरा पोचले की गेटवरचा वॉचमन मला सेकंड शिफ्टची समजून नमस्कार करायला लागला. साहेबांनी बोलावून शांतपणे सांगितलं की वेळेवर येणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. त्या संध्याकाळी मी गोधडी ओढली आणि गाडी पडवीतून बाहेर काढली.

शिकले मिठागराच्या बांधावर. बांध एवढा अरुंद की समोरून बगळा आला तर एकाने मागे व्हायचं. दोन्हीकडे पाणी. तिथे शिकलेला माणूस जन्मभर सरळ चालवतो. वाकडं चालवणाऱ्यांची मतं विचारायला मी कधी खाली उतरले नाही. गावात बोलणं झालंच. पॅन्ट घालते, पाय टाकून बसते, पोरगा तिकडे आणि सून इकडे वाऱ्यावर. विहिरीवर कोणीतरी आईंना टोचून विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, माझी सून रस्त्यावरून जाते, तुझ्या डोक्यावरून जायला लागली की सांग. त्यानंतर विहिरीवर पाण्याचंच तेवढं बोलणं होऊ लागलं.

अशी सासू. आणि तिची एकच अट होती.

"गाडी चालव, पॅन्ट घाल, कंपनीत जा," त्या म्हणाल्या. "पायातली जोडवी तेवढी हलवायची नाय."

मला वाटलं, एवढंच ना. जोडवी काय, कुंभाराला चाक तशी आमच्या पायांना ती असतातच. पण मी तोवर सँडल घालून गाडी चालवत होते. सँडल म्हणजे मोटारसायकलला पाय आयता आंदण देणं. वाटेतल्या गडबच्या पुढे तेव्हा असा एक खड्डा होता की सकाळी जाताना मी त्यात उतरायचे आणि संध्याकाळी पलीकडून वर यायचे. त्या खड्ड्याने माझी एक सँडल ठेवून घेतली, ती अजून दिली नाही. सायलेन्सरने पोटरीवर पोळी भाजली. किकने उलटा फटका मारून नडगीला असा रंग दिला की पेणच्या गणपती रंगवणाऱ्यांनी तो विकत घेतला असता. शेवटी लॅबमध्येही फर्मान निघालं की उघडं पायताण चालणार नाही, ॲसिडचा थेंब उडतो. म्हणून मी कापडी बूट घेतले, आणि तिथे जोडव्यांनी तोंड उघडलं.

आमच्या गाडीचा गिअर डाव्या पायाचा. पहिला खाली दाबायचा, बाकीचे पायाची बोटं दांड्याखाली घालून वर उचलायचे. आणि जोडवी माझ्या लग्नात आईंनी हौसेने घडवलेली: जाडजूड, वरून दाणेदार, अंगणातून चालले तर पलीकडच्या घरात कळावं की ही आली. ती बुटात, बुटावर गिअरचा दांडा. प्रत्येक गिअरला चांदी हाडावर बसायची. पेणपासून रोह्यापर्यंत गिअर किती वेळा बदलावा लागतो याचा हिशेब माझ्या दुसऱ्या बोटाकडे होता आणि ते तो रोज मला ऐकवायचं.

आईंना सरळ सांगितलं. निदान डाव्या पायातली जाताना घरी ठेवते, येऊन घालते. त्या तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवलं, उठल्या, गाडीची किल्ली खुंटीवरून घेतली आणि कनवटीला लावली. न रागावता. म्हणाल्या, मग एसटीने जा.

म्हणजे एका बाजूला नोकरी, दुसऱ्या बाजूला जोडवी, आणि मधे माझं बोट. मी त्यांच्याशी भांडले असते, पण किल्ली कनवटीला लावल्यावर त्यांनी ती दोनदा चाचपली ते मी पाहिलं होतं. हट्ट करणारा माणूस पुन्हा चाचपत नाही. कशाला तरी भिणारा चाचपतो. कशाला, ते मला तेव्हा कळलं नाही. मी ठरवलं, असा बूट शोधायचा की ज्यात पायही राहील, जोडवीही राहतील आणि नोकरीही राहील. आईंना तसं कबूल केलं, तेव्हा किल्ली परत मिळाली.

पेणच्या बाजारात पहिल्याच दुकानात शिरले आणि जरा ऐटीत म्हणाले, अँकलचे बूट दाखवा. दुकानदाराने माझ्या मागे पाहिलं, दाराबाहेर पाहिलं, मग अदबीने विचारलं, "अंकलना आत बोलवा ना, माप घ्यावं लागेल." घोटा म्हणाले असते तर वेळ वाचला असता. घोट्याकडे बोट दाखवल्यावर त्याने माळ्यावरून सगळं खाली ओढलं. शाळेचे काळे बूट, पोलीसभरतीला पळणाऱ्या पोरांचे बूट, पावसाळी गमबूट, आणि एक जोडी अशी की ती घटोत्कचाने सांगून ठेवली असावी आणि न्यायला तो आला नसावा. बायकांचा बूट मागितला तर टाच उंच असलेला आला. त्या टाचेने गिअर टाकायचा म्हणजे सुईने विहीर खणायची.

बूट निवडायची अक्कल मला दुकानात नाही, गाडीवर आली. आई म्हणायच्या ते खरं, दुकानात आणि मुलगी बघायला गेल्यावर सगळंच सरळ दिसतं. म्हणून मी गाडी दुकानाच्या पायरीला लावायचे, बूट चढवायचे आणि बंद गाडीवर बसून गिअर-ब्रेक करून बघायचे. बघणारे जमायचे. त्यांना वाटायचं बाईला चालू करता येत नाही. पण त्यातूनच कळलं. तळवा फार जाड असला तर ब्रेक दाबलाय की नाही हे दुसऱ्या दिवशी पत्राने कळतं. फार पातळ असला तर फूटरेस्ट तळपायात उगवतो. टाचेला खाच हवी, नाहीतर पाय घसरतो. नाडी लांब असली तर ती किकला गुंडाळते आणि तुम्ही गाडीला दावणीच्या म्हशीसारखे बांधले जाता. घोट्यापाशी चामडं कडक हवं, पण इतकं नको की गिअर टाकायला अख्खी तंगडी झेंड्यासारखी वर करावी लागेल. आणि गमबुटात आमच्या हवेत संध्याकाळी एवढं पाणी साठतं की त्यावर पेज शिजावी.

कंपनीनेही आपले सेफ्टी बूट दिले, पुढे लोखंडी टोपी असलेले. सगळ्यांत लहान माप मागितलं. तरी माझे दोन्ही पाय एकाच बुटात मावत होते. चालताना आत जोडवी लोखंडावर आपटायची. मी व्हरांड्यातून गेले की लॅबमधले म्हणायचे, देवळात कोण आलं.

शेवटी सापडला तो रोह्याचा पूल ओलांडून, अष्टमीतल्या एका दुकानात. पुरुषांचा, तपकिरी, घोट्याच्या दोन्ही बाजूंना गादी, टोकाला कडक, तळव्याला खोल नक्षी. अंगठ्यापाशी, जिथे जोडवी नसतात, दाबून पाहिला, तर असा बसलेला जणू पायाचं माप घेऊनच गाय चरायला सोडली होती. पण दुसऱ्या बोटापाशी कळ. दुकानदार म्हणाला, एक माप मोठा घ्या. मोठा घेतला. जोडव्यांना त्यांची वेगळी खोली मिळाली, पुढे टोकाला रिकामी जागा राहिली, मी नाड्या आवळून बांधल्या आणि म्हटलं, झालं.

घरी आईंनी बूट हातात घेऊन वजन पाहिलं, वास घेतला, आत हात घालून बोटांची जागा चाचपली आणि म्हणाल्या, मावतात. बूट माझ्यासाठी होते. मावायचं मात्र जोडव्यांना होतं.

काही दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी रोह्याहून येताना, नागोठण्याजवळ हमरस्त्याला लागायच्या जरा आधी, ट्रक जाऊ द्यायला मी थांबले. थांबायचं म्हणजे डावा पाय खाली टेकायचा. पाय उचलायला गेले, तर उचलेना. बुटाचं ते पुढचं रिकामं टोक गिअरच्या दांड्याखाली गेलं होतं आणि तिथेच अडकलं होतं. पाय आत पुढे-मागे होत होता, बूट जागचा हलत नव्हता. गाडी झुकायला लागली. ती इतकी सावकाश पडली की मधे मला माझ्या सगळ्या चुका आठवून झाल्या आणि काही शेजाऱ्यांच्याही. मग ती माझ्या डाव्या पायावर आरामात निजली.

टपरीवर चहा पिणारे दोघे धावत आले, गाडी उचलली, मला बाकावर बसवलं. एकाने माझा बूट फिरवून पाहिला. घोट्याच्या गादीवर लोखंडाचा वळ उठला होता, चामडं खोलवर खरचटलं होतं. तो म्हणाला, "ताई, बूट हाय म्हणून घोटा हाय."

खरंच होतं. घोटा, नडगी, टाच, सगळं जागच्या जागी. जिथे बूट माझ्या पायाचा होता तिथे त्याने पाय राखला. जिथे तो जोडव्यांसाठी घेतला होता, दुखलं ते तिथेच. तेव्हा बाकावर बसून मी हे असं मांडून पाहिलं नव्हतं; तेव्हा मी फक्त गाडी सुरू होते का ते पाहिलं आणि ती झाली म्हणून घरी आले.

घरी बूट निघेना. निघाला तेव्हा आतून जे बोट बाहेर आलं ते वांग्याएवढं होतं, आणि रंगानेही वांगंच. जोडवी त्यात रुतून दिसेनाशी झाली होती. आईंनी ते पाहिलं आणि तशाच रिक्षा आणायला गेल्या.

पेणच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, नुकतेच शिकून आलेले. त्यांनी बोट दाबलं, नखाचा रंग पाहिला आणि म्हणाले, रक्त पुढे पोचत नाही. आज जोडवी कापली नाही तर पुढे बोट कापायची वेळ येईल. एवढं सांगून ते आतल्या खोलीत कटर आणायला गेले. मी आईंकडे पाहिलं. त्या भिंतीकडे बघत होत्या.

मग त्या भिंतीलाच सांगितल्यासारखं बोलल्या. माझा नवरा अजून रांगत होता तेव्हाची गोष्ट. खाडीत कालवं काढताना शिंपल्याने पाय चिरला, आणि असाच सुजला. हेच बोट. माझ्या सासऱ्यांनी पक्कड आणली, पाय मांडीवर घेतला आणि जोडवी तोडून टाकली. दुखणं थांबलं तसे दोघेही हसले. सासऱ्यांनी ते तुटलेलं कडं उजेडात धरलं आणि म्हणाले, काढली एकदाची.

आमच्याकडे असं म्हणत नाहीत. कुठल्याच मराठी घरात म्हणत नाहीत. बांगडी फुटत नाही, ती वाढते. मंगळसूत्राची वाटी तुटली तरी वाढली म्हणायचं. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. देवापुढचा नारळसुद्धा फोडला म्हणत नाहीत. जोडवी 'काढली' हा शब्द नवरा गेल्यावरचा. आईंनी हात पुढे करून नवऱ्याचं तोंड झाकलं होतं, पण तोवर शब्द बाहेर पडला होता. पुढच्या उधाणाला गावाच्या बांधाला खांड पडली. भरतीचं पाणी शेतात शिरायला लागलं तसा सगळा गाव माती आणि पेंढा घेऊन बांधावर धावला. खांड बुजली. सगळे परत आले. सासरे आले नाहीत.

"बांधावर सगळे होते," आई म्हणाल्या. "पाण्याला तेच बरे दिसले. शब्द त्यांनी काढला, तो त्यांनाच लागला. आता माझा पोरगा पाण्यापलीकडं हाय गो."

मी बोलण्यात कोणाला हार जात नाही. रोह्यापासून पेणपर्यंत माझ्या तोंडी लागलेला माणूस अजून विचार करत बसला असेल. तिथेही उधाणाला शब्द ऐकू येत नाहीत, असं म्हणता आलं असतं. पण उधाण मला पुस्तकातलं माहीत. आईंनी जन्म त्याच्या येण्याजाण्यावर काढला होता. बांध का फुटतो हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं, आणि तरी इतकी वर्षं त्या तो शब्द पायात घालून चालल्या होत्या. माणसाला जे कळतं आणि माणूस ज्याला भितो, ती दोन वेगळी घरं असावीत, आणि एकातल्या दिव्याचा उजेड दुसऱ्यात पडत नसावा. बोट माझं होतं, भीती त्यांची. मी म्हणाले, आई, तुम्ही सांगाल तसं. म्हणताना ते खरं होतं की नाही हे मला आजही ठरवता येत नाही, कारण बोट तोवर ठणकून स्वतःचं मत देत होतं.

डॉक्टर कटर घेऊन आले. आई उठल्या, माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला आणि म्हणाल्या, "वाढवा."

डॉक्टर थांबले. त्यांनी जोडवीकडे पाहिलं, मग समजुतीच्या सुरात म्हणाले, "आजी, ती आता वाढवता येणार नाही. घट्ट झालीय ना. कापावीच लागेल."

आईंनी त्यांच्याकडे बघितलं. आणि मग त्या हसल्या; आधी नाकातून, मग पोटातून, मग माझा पाय त्यांच्या मांडीवर हलायला लागला तेव्हा मी ओरडले. "अरे बाबा, तेच तर सांगतंय तुला," त्या म्हणाल्या. "काप."

कटरचा आवाज झाला. दोन तुकडे त्यांनी पदराच्या गाठीत बांधले.

पुढचे दिवस शुक्रवारची वाट बघण्यात गेले. मस्कतला शुक्रवारी सुट्टी, आणि त्या दिवशी सकाळी नवऱ्याचा फोन यायचा, गावात ज्यांच्याकडे फोन होता त्यांच्या घरी. आमचा पीपी नंबर तोच. आई तोवर एकदाही घाबरल्याचं बोलल्या नाहीत. नुसते तांदूळ निवडत राहिल्या. त्या आठवड्यात आमच्याकडचा तांदूळ इतका स्वच्छ झाला की शिजवायला जीव होईना.

शुक्रवारी सकाळी फोन आला नाही. आम्ही शेजाऱ्यांच्या ओटीवर बसून होतो. त्यांनी चहा दिला, मग पुन्हा दिला, मग जेवायला थांबा म्हणाले. आई नको म्हणाल्या. माझं बोट पट्टीत होतं आणि मी मनात, माझ्या तोंडाला शोभणार नाही इतक्या गप्पपणे, एकच गोष्ट मागत होते. दुपार कलली तेव्हा घंटा वाजली.

आई एरवी फोनवर इतक्या मोठ्याने बोलायच्या की मला वाटायचं तारेचा खर्च उगाच केलाय. त्या दिवशी हळू बोलल्या. बरा हायस का विचारलं. लाईन लागत नव्हती एवढंच त्याचं म्हणणं होतं. मग त्यांनी पदराची गाठ मुठीत धरली आणि म्हणाल्या, "तुज्या बायकोची जोडवी काढली. वाढवली नाय. काढली. गाडी पडली तिच्या पायावर."

पलीकडून काहीतरी उत्तर आलं. आईंनी रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि माझ्याकडे पाहिलं.

"गाडीला काय लागलं का विचारतोय," त्या म्हणाल्या. "बरा हाय मेला."

आणि ओटीवर खाली बसल्या. मघाशी नको म्हटलेलं जेवण त्यांनी आता स्वतःहून मागितलं. मेला हा शब्द तोंडातून निघाला हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि मी ते आणून दिलं नाही.

बोट बरं झाल्यावर मी पुन्हा अष्टमीला गेले, मागच्या सीटवर आईंना घेऊन. त्या आयुष्यात पहिल्यांदा मोटारसायकलवर बसत होत्या आणि गडबच्या खड्ड्यात त्यांनी मला असं घट्ट धरलं की बरगड्यांवरचे ठसे बघून पोलिसांनी माणूस ओळखला असता. दुकानात तोच तपकिरी बूट, एक माप लहान, मागितला. आईंनी मला स्टुलावर बसवलं, उकिडव्या बसल्या आणि अंगठ्याने बुटाचं टोक दाबून पाहिलं. हिथं रिकामं नको, असं दुकानदाराला बजावलं. मग मला गाडीवर बसायला लावून गिअर टाकायला सांगितला. पाय दांड्याखाली गेला, बाहेर आला, पुन्हा गेला. अडकला नाही. बोटावर कळ आली नाही.

मी विचारलं, नवी जोडवी कधी घडवायची.

त्या माझ्या बुटाची नाडी आत खोचत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "त्याच्यासाठी असतात ना? मग त्याला येऊन घालू दे. तंवर हे घाल."